मसुदा आणि शेरा

दांडीच्या खाडीपासून उत्तरेकडे, किनाऱ्याच्याच रेषेत थोड्या अंतरावर तारापूरचे अणुविद्युत केंद्र उभे आहे. १९६९ च्या ऑक्टोबरात त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे व्यापारी वीजउत्पादन सुरू झाले, तेव्हा यंत्राच्या रक्षणाचा भार मुख्यतः रिले, काट्यांच्या तबकड्या आणि कागदाच्या पट्टीवर रेघ ओढणारी नोंदयंत्रे यांच्यावर होता. २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्या चालू झाल्या, तोवर या भाराचा बराच हिस्सा संगणकांनी, म्हणजे पर्यायाने माणसांनी लिहिलेल्या आज्ञावल्यांनी, उचलला होता. अशा ठिकाणी चालणाऱ्या आज्ञावलीसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने आज ६०८८० या क्रमांकाने ओळखले जाणारे मानक १९८६ साली प्रथम प्रसिद्ध केले, आणि आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक मंडळानेही जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील संगणकाधारित प्रणालींसाठी २०१० साली मार्गदर्शिका काढली. या साऱ्या विस्तृत कलमांच्या मुळाशी एक साधी अट आहे: आज्ञावली ज्यांनी लिहिली त्यांच्याहून स्वतंत्र असलेल्या माणसांनी ती पडताळून पाहावी. लिहिणारा कितीही निष्णात असो, आपल्याच लिखाणावर अखेरची मोहर उठवण्याचा अधिकार त्याला नाही.

हा विचार आपल्या राज्यव्यवहाराला परका नव्हता. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस असे जे दरखदार असत, त्यांना बडतर्फ करण्याचा अख्त्यार मामलेदाराला नसे. मुजुमदार हिशेब तपाशी, आणि तो मामलेदाराच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळेच त्याच्या तपासणीला मोल येई. अणुभट्टीचे शास्त्रज्ञ आणि जमाबंदीचे कारकून, दोघांच्याही व्यवस्थेत हे गृहीत धरलेले आहे की आपली चूक आपल्याला दिसत नाही, याचे कारण आळस किंवा अप्रामाणिकपणा नसून, जे लिहायचे मनात होते तेच कागदावर उतरले आहे असे डोळा वाचत जातो, हे असते.

अणुविद्युत केंद्राला तपासणीचे हे स्वातंत्र्य हुकुमाने मिळते. पडताळणी करणारा विभाग तेथे नेमलेलाच असतो. परंतु त्याच किनाऱ्यावर, दांडीसारख्या गावात, बोईसरच्या एखाद्या महाविद्यालयातून संध्याकाळी घरी परतून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलीसाठी असा कोणी नेमलेला नाही. तिच्याजवळ संगणक आहे, धडे आहेत, हुशारीही आहे. तिने लिहिलेले वाचणारा मात्र शेजारी नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आहेत, पण आज्ञावली लिहिणाऱ्यांची दाट वस्ती मुंबई-पुण्याकडे आहे. अशा मुलीला दुसऱ्याची नजर मिळवावी लागते, आणि ती मिळवणे ही त्या कसबाइतकीच शिकण्याजोगी विद्या आहे, असे माझे ठाम मत आहे. या प्रकरणाचा विषय ती विद्या आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू, कारण शिकणाऱ्याला मिळणारा पहिला अभिप्राय यंत्राचाच असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्या काळात आज्ञावली लिहिणारा माणूस आपली विधाने छिद्रांच्या कार्डांवर उतरवी, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर देई, आणि आपली पाळी येऊन छापील कागद हाती पडेपर्यंत वाट पाही. एका विसरलेल्या स्वल्पविरामासाठी सारी खेप फुकट जाई. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी तो कागदावर प्रत्येक ओळ स्वतः चालवून पाही, आणि बहुधा शेजारच्या सहकाऱ्यालाही दाखवी. आज कंपायलर त्याच चुकीवर निमिषार्धात बोट ठेवतो. यंत्राचा शेरा स्वस्त झाला ही मोठीच सोय आहे, परंतु तिच्याबरोबर एक भ्रमही आला: यंत्र गप्प बसले म्हणजे काम बिनचूक झाले, असे शिकणाऱ्याला वाटू लागले.

तो भ्रम कसा असतो, ते एका उदाहरणाने नीट पाहू. समजा, आपली ही विद्यार्थिनी घरच्या होडीच्या फेरीचा हिशेब मांडणारा लहानसा प्रोग्राम लिहिते. एका फेरीत मासळीच्या विक्रीचे ८४,००० रुपये आले. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च ३०,००० रुपये झाला. उरलेल्या ५४,००० पैकी निम्मे होडी आणि जाळ्यांच्या नावे गेले, आणि बाकीचे २७,००० सात हिश्श्यांत वाटायचे, होडी चालवणाऱ्या तांडेलाचे दोन आणि पाच खलाशांचा प्रत्येकी एक. प्रोग्राम २७,००० ला सातांनी भागतो, पूर्णांक ३,८५७ काढतो, आणि सर्वांची नावे व रकमा सुबकपणे छापतो. यंत्राची तक्रार नाही. परंतु ३,८५७ ची सातपट २६,९९९ होते. एक रुपया कोणाच्याही नावे नाही. शिवाय मासळी कमी मिळून विक्री २०,००० वरच थांबली तर हाच प्रोग्राम प्रत्येक खलाशाच्या नावापुढे उणे रक्कम छापील, म्हणजे ज्याने समुद्रावर राबून रिकाम्या हाताने घर गाठले, त्याच्याकडूनच पैसे मागील. यंत्राला यात काहीही वावगे दिसणार नाही.

येथे दोन निराळ्या नजरांची गरज पडते, आणि शिकणारे बहुधा या दोहोंची गल्लत करतात. तोट्याच्या फेरीचे काय करायचे, तो पुढच्या फेरीत वळता करायचा की होडीच्या मालकाने सोसायचा, हे केवळ तांडेलच सांगू शकतो. मुंबईतील कितीही नामांकित प्रोग्रामर त्याचे उत्तर देऊ शकणार नाही, आणि दिलेच तर ते कल्पनेतले असेल. उलट, हा नियम कोडमध्ये कोठे ठेवावा, तो बदलला तर किती ठिकाणी हात लावावा लागेल, आणि भागाकारात उरलेला रुपया हरवू नये म्हणून काय करावे, हे तांडेलाला विचारणे व्यर्थ आहे. तेथे कसब जाणणाराच माणूस हवा. तांडेलाला कोड दाखवला तर तो सौजन्याने मान डोलवील, आणि प्रोग्रामरला मासेमारीचा रिवाज विचारला तर तो आत्मविश्वासाने चुकीचे सांगेल. ज्याला जे ठाऊक आहे तेच त्याला विचारावे, ही गोष्ट उघड वाटते खरी, पण पाळली मात्र फार क्वचित जाते.

तिसरी एक नजर आहे, तिची महती आपल्या पवईच्या आयआयटीत चाललेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने चांगली ओळखली. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते ऐकता येतात. शिकणाऱ्याने पाठ ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत प्रत्येक कृती स्वतः करून पाहावी, अशी त्यांची रचना आहे. या पाठांची संहिता विषयतज्ज्ञ तपासतात, हे अपेक्षितच. पण ध्वनिमुद्रणापूर्वी ती विषयाची ओळख नसलेल्या नवख्या माणसाकडूनही तपासून घेण्याचा प्रघात त्यांनी ठेवला. नवखा कोठे अडतो ते तज्ज्ञाला कळत नाही, कारण अडण्याची ती जागा तो फार पूर्वी ओलांडून गेलेला असतो. दांडीतील विद्यार्थिनीला हा परीक्षक तर घरातच लाभतो: प्रोग्राम धाकट्या भावाच्या हाती द्यावा, एक शब्दही समजावून सांगू नये, आणि तो कोठे थबकतो ते पाहत बसावे. मध्येच ‘अरे, ते बटण दाब’ असे सांगण्याचा मोह आवरणे कठीण असते. पण ते सांगितले की अभिप्राय तेथेच संपतो.

आता कसब जाणणाऱ्या माणसाकडे वळू, कारण खरी अडचण त्याच्यापाशी आहे. जेरल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रामरांच्या मानसशास्त्रावर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी अहंकार बाजूला ठेवून प्रोग्राम लिहिण्याच्या वृत्तीची चर्चा केली आहे. आपला कोड म्हणजे आपणच, असे मानणारा माणूस त्यातील चूक लपवतो. कोड हे आपल्यापासून वेगळे, सर्वांच्या तपासणीस खुले असलेले काम आहे असे मानणारा माणूस ती दुसऱ्याकडून शोधून घेतो. त्यांनी दिलेल्या एका प्रसंगात एका प्रोग्रामरच्या अवघ्या तेरा विधानांत त्याच्या सहकारी महिलेने सतरा चुका दाखवल्या, आणि तो प्रोग्रामर खट्टू होण्याऐवजी ती हकिकत मोठ्या आनंदाने इतरांना सांगत सुटला. ज्या चमूत असे घडू शकते तेथे शिकणे सोपे असते.

पुढे १९७६ साली आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी या वृत्तीला पद्धतीचे रूप दिले. चार जणांची बैठक असे: एक संचालक, एक आराखडा करणारा, एक कोड लिहिणारा आणि एक चाचणी घेणारा. बैठक दोन तासांपलीकडे नेऊ नये, कारण त्यानंतर नजर थकते; बैठकीत चुका शोधाव्यात, त्यांची दुरुस्ती तेथेच करीत बसू नये; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे सापडलेल्या चुकांचा उपयोग माणसाच्या कामगिरीचा गोपनीय शेरा लिहिण्यासाठी करू नये. या अखेरच्या दंडकामागे माणसाची मोठी पारख आहे. चूक कबूल केल्याने बढती अडणार असेल तर कोणीही आपला कोड मनमोकळेपणे पुढे करणार नाही, आणि आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाची वही गुणांसाठीच तपासली जात असल्यामुळे, नेमके हेच घडते: विद्यार्थी चूक शोधून घेण्याऐवजी ती झाकण्याचे शिक्षण घेतो. गुण देणाऱ्या शिक्षकाकडूनच प्रामाणिक अभिप्राय मागण्याची वेळ आली तर तो गुणदानाच्या आधी, कच्च्या मसुद्यावर मागावा.

सर्वच अभिप्राय हितकारक असतो, असेही नाही. १९९६ साली अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी अभिप्रायावरील शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा लाभ होतो हे दिसले. परंतु एक तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडलेले आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे की अभिप्रायाने माणसाचे लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेले, तर काम खालावते. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तुला हे जमणार नाही’ ही दोन्ही वाक्ये या दृष्टीने सारखीच निरुपयोगी आहेत. दोहोंतही कोडविषयी एक अक्षर नाही. आजकाल ज्या संवादी कृत्रिम बुद्धीकडे विद्यार्थी धाव घेतात, तिचाही कल प्रशंसेकडे असतो. तिच्याकडून काही मिळवायचे तर ‘कसे झाले आहे?’ असे न विचारता ‘कोणती रक्कम दिली असता हे फंक्शन चुकेल?’ असे विचारावे, आणि तिने सांगितलेली रक्कम स्वतः घालून पाहावी.

यावरून मी असे मानतो की अभिप्रायाची प्रत बव्हंशी मागणाऱ्याच्या हाती असते. आपल्याकडील रीत अशी, की ओळखीतल्या एखाद्या दादाला किंवा महाविद्यालयातल्या सरांना सारी फाइल पाठवायची आणि ‘सर, जरा बघून सांगा’ एवढेच लिहायचे. समोरचा माणूस कामात असतो. बाराशे ओळींत काय पाहायचे हे त्याला ठाऊक नसते. मुलीचे मन मोडू नये ही त्याची सद्भावना असते. आणि या तिन्ही कारणांस्तव तो ‘छान केले आहेस, असेच चालू ठेव’ असे उत्तर देतो. त्या उत्तराचा राग धरण्यात अर्थ नाही, कारण इतक्या मोघम अर्जावर याहून निराळा जबाब देता येत नाही. आता तीच विनंती पुढीलप्रमाणे लिहिली तर पाहा:

‘सर, सोबतचे चाळीस ओळींचे फंक्शन फेरीचा उरलेला पैसा हिश्श्यांत वाटते. २७,००० रुपये आणि सात हिस्से दिले असता वाटपाची बेरीज २६,९९९ येते. ती २७,००० यावी अशी अपेक्षा आहे. दशांश वापरून पाहिले, तेव्हा रकमेत पैशांचे तुकडे आले, आणि होडीवर रोख वाटप पूर्ण रुपयांत होते. उरलेला रुपया होडीच्या खात्यात टाकावा असे तांडेल काकांनी सांगितले आहे. हा नियम याच फंक्शनमध्ये लिहावा की वेगळा ठेवावा, हे मला ठरवता येत नाही. नावे आणि मांडणी अजून कच्ची आहेत, त्यांकडे तूर्त पाहू नये.’

या पत्रात मागणारीने किती काम आधीच केले आहे, ते लक्षात घ्यावे. तिने कोड लहान केला. काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे आकड्यांनिशी सांगितले. स्वतः केलेला प्रयत्न आणि त्याचे अपयश नोंदवले. जो प्रश्न तांडेलाचा होता तो तांडेलाकडे सोडवून घेतला. आणि वाचणाऱ्याची नजर कोठे हवी, कोठे नको, याची हद्द आखली. यातले शेवटचे बहुतेकांना सुचत नाही. हद्द आखली नाही तर वाचणारा सर्वांत आधी जे डोळ्यांत भरते त्यावर बोलतो, आणि डोळ्यांत भरतात ती नावे, मोकळ्या ओळी आणि कंसांच्या जागा. रुपया हरवलेलाच राहतो. शिवाय असे पत्र लिहिता लिहिताच पुष्कळदा उत्तर सापडते, आणि पत्र पाठवण्याचे कारणच उरत नाही. लिनक्सच्या गाभ्यात आपला बदल जावा अशी इच्छा धरणाऱ्या जगभरच्या प्रोग्रामरांनाही हीच शिस्त घालून दिलेली आहे: एका वेळी एकच बदल पाठवा, आणि तो कोणत्या अडचणीवर आहे ते प्रथम स्पष्ट लिहा.

वेळेचेही भान हवे. तांडेलाला हंगामात, भरतीच्या वेळा सांभाळून होडी काढण्याच्या गडबडीत विचारले तर तो दोन शब्दांत वाटेला लावील. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चाललेली असते, तेव्हा तोच माणूस बसून चार हंगामांचे अपवाद सांगेल, आणि हिशेबाच्या प्रोग्रामचे सारे मर्म त्या अपवादांतच असते. प्रोग्रामरच्या बाबतीत काळवेळ निराळी: काम पुरते होऊन मन त्याला चिकटण्याआधी, आराखड्यालाच अभिप्राय मागावा. शंभर ओळींचा पाया चुकला आहे हे ऐकणे सोसवते. तीन हजार ओळी लिहून झाल्यावर तेच ऐकले तर माणूस ओळींचा कैवार घेऊ लागतो.

शेरा आल्यावर काय करावे, याविषयी एवढेच सांगतो की प्रथम तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहून काढावा आणि मग स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरवावे. परीक्षकाचा प्रत्येक शेरा बरोबर असतो, असे मुळीच नाही. त्याने दाखवलेली जागा मात्र बहुधा खरोखरच नाजूक असते, जरी त्याने सुचवलेला उपाय चुकीचा निघाला तरी. उपाय नाकारावा, जागेकडे दुर्लक्ष करू नये. डॉनल्ड नुथ यांच्यासारखा या शास्त्रातला अग्रगण्य पंडित आपल्या ग्रंथांतील प्रत्येक नवी चूक प्रथम दाखवणाऱ्यास २००८ पर्यंत दोन डॉलर छप्पन सेंटांचा धनादेश देत असे, कारण षोडशमान पद्धतीत २५६ सेंट म्हणजे एक पूर्ण डॉलर होतो; अनेकांनी ते धनादेश न वटवता जपून ठेवले. याच गृहस्थांनी अक्षरजुळणीच्या आपल्या ‘टेक’ या प्रोग्राममध्ये सापडलेल्या साडेआठशेच्या आसपास चुकांची तपशीलवार यादी वर्गवारीसह १९८९ साली स्वतः प्रसिद्ध केली. कोणत्या प्रकारची चूक आपल्या हातून पुन्हा पुन्हा होते, हे अशा नोंदींतूनच कळते, आणि ज्याला ते कळले तो पुढच्या वेळी नेमके त्याच जागी बोट ठेवून विचारतो.

आपल्या विद्यार्थिनीने अशी वही ठेवली तर तिच्यात पहिल्या पानावर भागाकारातला हरवलेला रुपया येईल, मग तोट्याच्या फेरीतली उणे रक्कम, मग धाकट्या भावाला न सापडलेले बटण. आणि काही महिन्यांनी तिला दिसेल की आपण मधल्या रकमा बरोबर काढतो, पण शून्य, उणे आणि शिल्लक या टोकांच्या जागी वारंवार चुकतो. तेव्हापासून परीक्षकाला लिहिताना ती या तीन रकमा आधीच चालवून पाहील आणि त्याचा वेळ त्यांवर खर्च होऊ देणार नाही. आणि ज्याने वेळ दिला त्याला आठवड्याभरात दोन ओळी लिहाव्यात: तुमचा कोणता शेरा घेतला, त्याने कोडमध्ये काय बदलले, कोणता घेतला नाही आणि का. असे उत्तर मिळालेला माणूस पुढच्या वेळी फाइल उघडताना अधिक बारकाईने पाहतो, कारण आपले लिहिणे वाचले गेले आणि कामी आले, हे त्याला ठाऊक झालेले असते.